यंत्राच्या तोंडची मराठी

ज्या गद्याचे परीक्षण कोणी केल्याचे आमच्या पाहण्यात नाही, अशा एका गद्यप्रकाराविषयी चार शब्द लिहिण्याचे आम्ही योजिले आहे. मोठ्या कचेरीस दूरध्वनी केला असता माणूस बोलण्यापूर्वी जे ध्वनिमुद्रित स्वागत कानी पडते, तेच हे गद्य होय. त्यास लेखक असतो, पण त्याचे नाव कोठे नसते. श्रोते मात्र इतके असतात की मराठीतील कोणत्याही ग्रंथकारास त्यांचा हेवा वाटावा. एवढा श्रोतृवर्ग लाभलेल्या मजकुराकडे टीकाकाराने काणाडोळा करावा, हे आम्हांस योग्य वाटत नाही.

आवाजाविषयी काळजी घेण्याची रीत जुनी आहे. लंडनमध्ये १९३६ साली दूरध्वनीवरून वेळ सांगणारे घड्याळ सुरू झाले. त्याच्या आदल्या वर्षी आवाज निवडण्यासाठी दूरध्वनी-कर्मचारी स्त्रियांची स्पर्धा ठेविली होती, आणि परीक्षकांत राजकवी जॉन मेसफील्ड होते. एथेल केन या बाईंची निवड झाली. आपल्याकडील मुद्रित आवाजही बहुधा स्वच्छ व कमावलेले असतात. आमची तक्रार आहे ती त्या आवाजांच्या तोंडी घातलेल्या वाक्यांविषयी.

'आमचे सर्व प्रतिनिधी व्यस्त आहेत' हे वाक्य घ्या. शाळेत त्रैराशिक शिकलेल्या मराठी माणसास 'व्यस्त' म्हटले की व्यस्त प्रमाण आठवते. एक वाढले की दुसरे घटते. हिंदीच्या संगतीने या शब्दास 'कामात गुंतलेला' असा अर्थ मराठीतही आता चिकटला आहे, हे खरे. तथापि येथे जुना अर्थच अधिक शोभतो, कारण ग्राहकांची निकड जसजशी वाढते तसतसे प्रतिनिधी घटत जातात! पुढचे वाक्य, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे', हा तर इंग्रजीचा शब्दशः तर्जुमा. हाक महत्त्वाची आहे असे मराठी माणूस सांगत बसत नाही. तो हाकेला ओ देतो. आणि शेवटी 'संपर्क केल्याबद्दल धन्यवाद', तेही काम होण्यापूर्वी.

येथे कोणी म्हणेल की ठरीव शब्दांतले स्वागत आपणांस नवे नाही. हे आम्हांस मान्य आहे. पत्रारंभीचे 'तीर्थरूप' किंवा 'साष्टांग नमस्कार विनंती विशेष' हे मायने ठरीवच होते. आणि ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणिले, तेथील सूत्रधाराची प्रस्तावनाही साच्यातलीच असे. परंतु मायन्याच्या पत्राखाली कोणाची तरी सही असे, व सूत्रधार पडद्यापुढे उभा असे. खेळ बिघडला तर प्रेक्षकांना तोंड त्यालाच द्यावे लागे. १ ऑक्टोबर २०२२ च्या शासननिर्णयाने सरकारी कचेऱ्यांत 'हॅलो'ऐवजी 'वंदे मातरम्' म्हणण्याचे सुचविले, तेव्हा पहिल्या शब्दावर वृत्तपत्रांत चर्चा झाली. आमची उत्सुकता त्याच्या पुढच्या वाक्याविषयी होती. पण ते निदान बोलणाऱ्याच्या हाती असते, आणि ऐकणारा पाहून त्याला ते बदलता येते.

यंत्रास हे जमत नाही. २०२० च्या मार्चपासून प्रत्येक दूरध्वनीआधी खोकल्याने सुरू होणारी सूचना आपण सर्वांनी ऐकली. प्रारंभी ती उपयोगाचीच होती. परंतु मे २०२१ मध्ये लसीचा तुटवडा असतानाही यंत्र लस घ्या असे सांगतच राहिले, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर नाराजी बोलून दाखविली.

आम्हांस स्वतःला हा दोष त्याआधीच कळला होता. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला महापूर आला. सांगलीस आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. आम्ही साताऱ्यास होतो, आणि आमच्या थोरल्या मावशी सांगलीतील एका वृद्धनिवासात. निवासाचा क्रमांक फिरविला की एक गोड आवाज आमचे स्वागत करी, खोल्यांची माहिती हवी असल्यास एक दाबा म्हणे, आणि आमचे महत्त्व आम्हांस पटवून देई. ते यंत्र दुसऱ्या गावी होते, म्हणून कोरडे होते. निवासाच्या तळमजल्यात पाणी शिरले होते. दोन दिवसांत आमचे किती वेळा स्वागत झाले ते मोजण्याचे आम्ही पुढे सोडून दिले.

तिसऱ्या दिवशी अनोळखी क्रमांकावरून दूरध्वनी आला. "सातारचं पाव्हणं काय? आजी वर माडीवर हायती. च्या घेतलाय त्यांनी. ठिवतो आता, ब्याटरी संपाय लागलीया." निवासातील एक मदतनीस बोलत होता. त्याच्या बोलण्यात ना स्वागत, ना धन्यवाद; 'आपण' हा शब्दही नाही. पण ऐकणारा कोण, त्यास भीती कशाची, आणि ब्याटरी संपण्याआधी काय सांगितलेच पाहिजे, हे त्याने ओळखले होते. शिवाय 'हायती' या एका क्रियापदात मावशींचा मान त्याने राखला होता. चहाचा उल्लेख त्याला कोणी शिकविला असेल?

यंत्रे काढून टाकावीत असे आमचे म्हणणे नाही. अपरात्री नेमका क्रमांक देणारे यंत्र, काहीच उत्तर न मिळण्यापेक्षा खचित बरे. मात्र कचेऱ्यांनी हा मजकूर मराठीत विचार करणाऱ्याकडून लिहवून घ्यावा. 'हा मुद्रित आवाज आहे' असे त्यात आधी सांगावे, माणूस केव्हा भेटेल ते लगेच सांगावे. आणि पुराच्या दिवशी तो मजकूर बदलण्याचे काम कोणाचे, हे दप्तरात नावानिशी लिहून ठेवावे. गेल्या महिन्यात त्या निवासाचा क्रमांक आम्ही मुद्दाम पुन्हा फिरविला. आवाज नवा आहे. वाक्ये तीच आहेत.