रोबोकॉपची चौथी आज्ञा

गेल्या थँक्सगिव्हिंगला मुलगा घरी आला होता. जेवणं आटोपल्यावर म्हणाला, "बाबा, तुमच्या डेट्रॉइटचा 'रोबोकॉप' लावू का?" १९८७ सालचा हा सिनेमा मी पूर्वी व्हीसीआरवर पाहिला होता. तेव्हा लक्षात राहिला तो फक्त गोळीबार!

पॉल व्हरहोवन या डच दिग्दर्शकाचं हॉलिवूडमधलं हे पहिलं मोठं यश. नजीकच्या भविष्यातलं डेट्रॉइट कंगाल झालंय आणि पोलीस खातं ओसीपी नावाच्या खाजगी कंपनीच्या ताब्यात आहे. गुंडांनी चाळणी केलेल्या मर्फी या पोलिसाच्या उरल्यासुरल्या देहावर कंपनी पोलाद चढवते आणि त्याचं नावही पुसून टाकते. गंमत म्हणजे पडद्यावरचं हे डेट्रॉइट बरंचसं डॅलसमध्ये चित्रित झालंय.

खऱ्या डेट्रॉइटने २०१३ साली दिवाळखोरी जाहीर केली. पण सिनेमाची खरी जाण शहराविषयी नाही, कंपनीविषयी आहे. एका बैठकीत नव्या यंत्राचं प्रात्यक्षिक बिघडतं आणि एका तरुण अधिकाऱ्याच्या चिंधड्या उडतात. मोठ्या साहेबांना चिंता कसली, तर पाच कोटी डॉलर व्याजाची! याउलट मर्फी आपल्या रिकाम्या, विकायला काढलेल्या घरात फिरतो, तेव्हा बायको-मुलाच्या पुसट आठवणी येतात. मारधाडीच्या सिनेमात इतका हळवा प्रसंग क्वचितच असतो.

उणिवाही आहेत. हिंसाचार अतोनात आहे. शिवाय डेट्रॉइटमध्ये कृष्णवर्णीय बहुसंख्य असताना तिथली सामान्य माणसं पडद्यावर जवळपास दिसतच नाहीत.

मर्फीला तीन आज्ञा दिलेल्या असतात: जनतेची सेवा, निरपराधांचं रक्षण आणि कायद्याचं पालन. चौथी आज्ञा गुप्त असते, ती म्हणजे कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्याला हात लावायचा नाही. शेवटी खलनायकावर गोळी झाडता येते, ती मोठ्या साहेबांनी त्याला जागच्या जागी नोकरीवरून काढल्यावरच. मग साहेब नाव विचारतात, उत्तर येतं "मर्फी", आणि सिनेमा संपतो. पूर्वी मला हा शेवट सोयीस्कर वाटला होता.

पण २००९ साली इथला मोटार उद्योग कोसळला, तेव्हा एका सोमवारी माझ्या बॅजने कंपनीचं दार उघडेना. त्याआधी कितीतरी चुकीच्या गोष्टी मी बैठकीत मुकाट्याने ऐकून घेतल्या होत्या. व्हिसा, घराचा हप्ता, मुलाची शाळा... माझ्या आतही एक चौथी आज्ञा होतीच की! ती कुणी लिहून दिली नव्हती, इतकंच.

सिनेमा संपल्यावर मुलगा म्हणाला, "नाव परत मिळालं, पण ती आज्ञा अजून आतच आहे ना?" मी म्हटलं, "हो, आहे." म्हणूनच तो शेवट आता मला खरा वाटतो.

जरूर पाहा. मात्र लहान मुलं झोपल्यावरच!