मनोऱ्याच्या पुढचा कारखाना

आपल्या बहुतेक माध्यमिक शाळांच्या प्रयोगशाळेत एक तक्ता टांगलेला असतो. मधोमध उंच मनोरा, खालून आत शिरणारे तापवलेले खनिज तेल आणि मजल्यामजल्यावरून बाहेर पडणाऱ्या नळ्या. सर्वांत वर वायू, मग पेट्रोल, नॅफ्था, रॉकेल, डिझेल आणि तळाशी डांबर. प्रभाजी ऊर्ध्वपातन शिकवायला याच्याइतके सोपे चित्र दुसरे नाही. उत्कलनबिंदूंतील फरकाचा उपयोग करून मिश्रणातले घटक वेगळे करता येतात, ही गोष्ट तो उत्तम सांगतो. तेव्हा हा तक्ता चुकीचा आहे, असे आमचे म्हणणे नाही. आमची तक्रार अशी की जिथे तो संपतो, नेमका तिथूनच आजचा महत्त्वाचा विषय सुरू होतो.

नॅफ्थाच्या नळीपुढे ‘रसायन उद्योगासाठी’ एवढेच लिहिलेले असते. विद्यार्थी ते पाठ करतो आणि पुढे जातो. पण जुन्नर-आंबेगावच्या विद्यार्थ्याने शाळेतून घरी जाताना नुसते आजूबाजूला पाहिले, तरी त्याच नळीचे टोक त्याला जागोजागी दिसेल. टोमॅटोच्या वाफ्यावर अंथरलेला मल्चिंग पेपर, ठिबकच्या नळ्या, शेततळ्याचा कागद, नारायणगावच्या बाजारात माल नेणारे क्रेट, दुधाच्या पिशव्या. आपल्या शेतीत हे पदार्थ इतके मुरले आहेत, की ते कुठून येतात हा प्रश्नच कुणी विचारत नाही. मनोऱ्याच्या तक्त्यानेही तो कधी विचारायला लावलेला नाही.

नॅफ्थाचे पुढे काय होते?

मनोऱ्यात फक्त वेगळे करणे घडते. नॅफ्थापासून प्लॅस्टिक करायचे, तर रेणू तोडावे लागतात. त्यासाठी नॅफ्था वाफेत मिसळून भट्टीतल्या नळ्यांतून सुमारे ८०० ते ८५० अंश सेल्सिअस तापमानाला, सेकंदापेक्षाही कमी वेळ नेतात आणि लगेच थंड करतात. याला वाफेच्या साहाय्याने केलेले भंजन म्हणतात. त्यातून इथिलीन, प्रोपिलीन, ब्युटाडाइन, बेंझीनयुक्त द्रव, हायड्रोजन आणि इंधनवायू मिळतात. इथिलीनचे बहुवारिकीकरण केले की पॉलिइथिलीन तयार होते.

आता एक हिशेब करू. ४०० मीटर लांब, १.२ मीटर रुंद आणि २५ मायक्रॉन जाडीचा मल्चिंग पेपर घेतला, तर त्याचे आकारमान ०.०१२ घनमीटर होते. पॉलिइथिलीनची घनता घनमीटरला सुमारे ९२० किलो धरली, तर या गुंडाळीचे वजन सुमारे ११ किलो भरते. नॅफ्थाच्या भंजनात इथिलीनचे प्रमाण साधारण तीस टक्के असते. म्हणजे या एका गुंडाळीसाठी सुमारे ३५ किलो नॅफ्था भट्टीत जावा लागतो. उरलेले २४ किलो वाया जात नाहीत, पण ते घेणारे कोणीतरी शेजारी असावे लागते.

रिफायनरीला जोडून पेट्रोकेमिकल संकुल का उभारतात, याचे उत्तर या वाक्यात आहे. रिफायनरी नॅफ्था देते. संकुलाकडून तिला हायड्रोजन मिळतो, जो डिझेलमधील गंधक काढायला लागतो. बेंझीनयुक्त द्रवातला काही भाग पेट्रोलच्या साठ्यात परत जाऊ शकतो. वाफ, वीज, पाणी, साठवणटाक्या, अग्निशमन यांची व्यवस्था दोघांना मिळून वापरता येते. हा देवाणघेवाणीचा संसार आहे. तक्त्यातल्या नळ्या मात्र सगळ्या एकाच दिशेने, बाहेर जाणाऱ्या असतात.

आकड्यांची उडी

मुंबईजवळ ट्रॉम्बेला १९५४ आणि १९५५ मध्ये दोन रिफायनऱ्या सुरू झाल्या. त्यानंतर दहा-पंधरा वर्षांतच ट्रॉम्बे आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात नॅफ्थावर चालणारे कारखाने आले. भारतातील पेट्रोकेमिकल उद्योगाचा आरंभ इथलाच. गुजरातेत कोयलीच्या रिफायनरीजवळ वडोदऱ्याला सरकारी कंपनी आयपीसीएलने १९७० च्या दशकात मोठे संकुल उभारले. नागोठण्याचा आयपीसीएलचा कारखाना मात्र नॅफ्थाऐवजी मुंबई हायच्या वायूतील इथेन-प्रोपेनवर आधारलेला होता.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातील नोसिलच्या भंजन प्रकल्पाची क्षमता वर्षाला सुमारे ६० हजार टन इथिलीन होती. मध्य प्रदेशातील बीना येथे अस्तित्वात असलेल्या रिफायनरीला जोडून जे संकुल आखले गेले, आणि ज्याची पायाभरणी सप्टेंबर २०२३ मध्ये झाली, त्याची क्षमता १२ लाख टन आहे, म्हणजे वीसपट. वरचाच हिशेब इथे लावला, तर एवढ्या इथिलीनला नुसत्या नॅफ्थावर चालायचे म्हटले, तर ३६ लाख टनांहून अधिक नॅफ्था लागेल. बीनाच्या रिफायनरीची क्षमता तेव्हा ७८ लाख टन होती. म्हणूनच तीही ११० लाख टनांपर्यंत वाढवण्याचे त्याच योजनेत ठरले. ‘आहे त्या रिफायनरीला जोडून’ हे शब्द ऐकायला बेताचे वाटतात, पण जोडलेला भाग मूळ कारखान्यालाही मोठा व्हायला लावतो. हे गणित नववी-दहावीच्या विद्यार्थ्याला करता येते आणि ते त्याने करावे.

तक्त्यात न काढलेल्या नळ्या

तक्त्यातला मनोरा कोऱ्या कागदावर उभा असतो. त्याला जमीन नसते, शेजारी गाव नसते. इथे आमची दुसरी तक्रार आहे. कारखान्यात फक्त तेल शिरत नाही. पाणी शिरते, जमीन लागते. बाहेरही फक्त माल पडत नाही. सांडपाणी, धूर आणि धोकाही पडतो. नोव्हेंबर १९९० मध्ये नागोठण्याला वायुगळतीनंतर झालेल्या स्फोटात तीसहून अधिक माणसे दगावली. नळ्यांतले तेच इथेन-प्रोपेन आपण वर्गात फळ्यावर सूत्र म्हणून लिहितो.

रत्नागिरीचे उदाहरण तर अजून ताजे आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियम यांनी मिळून वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करणाऱ्या, पेट्रोकेमिकल उत्पादनाशी जोडलेल्या प्रकल्पासाठी कंपनी स्थापन केली. राजापूर तालुक्यातील नाणार परिसराची निवड झाली. स्थानिक विरोधानंतर मार्च २०१९ मध्ये भूसंपादनाची अधिसूचना रद्द झाली. पुढे बारसूचे नाव आले आणि एप्रिल २०२३ मध्ये तेथील माती परीक्षणाच्या वेळी मोठे आंदोलन झाले. बारसूच्या सड्यावर प्राचीन कातळशिल्पे आहेत. कोकणातील कातळशिल्पांचा समावेश युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आहे.

या साऱ्या वादात एका बाजूने ‘रोजगार’ आणि दुसऱ्या बाजूने ‘विनाश’ हे दोन शब्द सर्वाधिक वेळा ऐकू आले. दोन्हींत तथ्य असू शकते, पण दोन्ही मोजल्याशिवाय पोकळच. किती रोजगार, उभारणीच्या काळातला की कायमचा, आणि कोणत्या शिक्षणाच्या माणसांना? पाणी कुठून आणणार आणि कोणत्या अवस्थेत सोडणार? नॅफ्थाचा किती भाग तिथेच वापरला जाणार? हे प्रश्न विचारायला अभियंता असण्याची गरज नाही. शाळेतले विज्ञान नीट समजलेले असले की पुरते.

हे कोकणचे दुखणे आहे, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणू नये. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीमुळे आपल्या भागात मोठ्या उद्योगांवर बंधने आहेत, त्यामुळे असा कारखाना इथे येण्याची शक्यता नाही. पण प्रकल्प म्हणजे काय, हे आंबेगावाला कुणी सांगायला नको. ज्या गावाने तालुक्याला नाव दिले, ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. त्याच पाण्यावर खालची शेती फुलली आणि त्या शेतीत आज मल्चिंग पेपर अंथरला जातो. लाभ एकाचा आणि किंमत दुसऱ्याची, हा हिशेब इथल्या मुलांना घरातच ऐकायला मिळतो. कारखान्यापासून दूर राहून त्याचा माल वापरणारे आपण, या वेळी लाभाच्या बाजूला उभे आहोत.

आणखी एक विसंगती नोंदवायला हवी. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी जाहीर केली आणि पुढच्याच महिन्यात रत्नागिरी प्रकल्पासाठी सौदी अरामकोशी करार झाला. पेट्रोकेमिकल म्हणजे केवळ पिशव्या नव्हेत. सलाईनची नळी, पाण्याची टाकी, विजेच्या तारेचे आवरणही त्यातूनच येते. तरीही, वापर कमी करण्याचे धोरण आणि उत्पादन वाढवण्याचे धोरण एकमेकांशी बोलत नाहीत, हे उघड आहे. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०१८ च्या अहवालानुसार जगातील तेलाच्या मागणीचा सुमारे १४ टक्के भाग पेट्रोकेमिकलकडे जातो. वाहने विजेवर चालू लागली, तर रिफायनऱ्यांना पेट्रोलऐवजी प्लॅस्टिकचाच आधार वाटू लागेल. मग माल गरजेपोटी निघेल की गिऱ्हाईक शोधत निघेल, हा प्रश्न आजच्या दहावीच्या मुलांपुढे उद्या उभा राहणार आहे.

वर्गात काय करता येईल?

तक्ता काढून टाकू नये. त्याच्या शेजारी दुसरा, मुलांनी काढलेला तक्ता लावावा. पुढील तीन गोष्टी सहज जमण्यासारख्या आहेत.

पहिली, शेतातून व घरातून प्लॅस्टिकचे स्वच्छ धुतलेले तुकडे गोळा करून पाण्यात टाकावेत. पॉलिइथिलीन व पॉलिप्रोपिलीन तरंगतात, पीव्हीसी बुडते. ओळखण्यासाठी तुकडे जाळून पाहण्याची पद्धत मात्र कटाक्षाने टाळावी. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर निघतो. बांधावर जुना मल्चिंग पेपर आणि पाइपचे तुकडे एकत्र पेटवण्याबद्दल घरी बोलायलाही हे कारण पुरेसे आहे.

दुसरी, आपल्या गावात हंगामाला मल्चिंग पेपरच्या किती गुंडाळ्या लागतात, हे दोन-तीन शेतकऱ्यांना विचारून वरच्या रीतीने नॅफ्थाचा हिशेब मांडावा आणि हंगाम संपल्यावर त्यातला किती कागद परत उचलला जातो, हेही विचारावे.

तिसरी, मनोऱ्याचे चित्र पुन्हा काढावे. यावेळी त्यात भंजनाची भट्टी, परत जाणाऱ्या नळ्या, पाण्याचा स्रोत, सांडपाण्याचे तोंड, शेजारचे गाव आणि शेवटी आपल्या वाफ्यावरचा फाटका कागद दाखवावा.

हे चित्र पहिल्याइतके देखणे होणार नाही. त्यातल्या बाणांवरून मुलांत वाद होतील, काही प्रश्नांची उत्तरे शिक्षकांनाही शोधावी लागतील. पण उद्या एखाद्या ग्रामसभेत प्रकल्पाचा नकाशा पसरला गेला, तर त्यात काय दाखवले आहे आणि काय गाळले आहे, हे विचारणारी मुले याच वर्गातून तयार होतील.