‘काटकपणा रक्तातच असतो’ हे वाक्य मी सिनॉप्सिसमधून का काढलं

पीएच.डी.च्या सिनॉप्सिसचा पहिला खर्डा मी विंचूरला घरी बसून लिहिला. त्यात एक वाक्य होतं: दुर्गम डोंगरी भागातल्या आदिवासी समाजात लांब पल्ल्याचं धावण्याची क्षमता नैसर्गिकच असते. पुढे कंसात एका पुस्तकाचा संदर्भ. मार्गदर्शकांनी वाक्याभोवती लाल गोल काढला आणि शेजारी एकच प्रश्न लिहिला: ‘पुरावा?’ मला राग आला. पुस्तक जगभर गाजलेलं, संदर्भ दिलेला, अजून काय पाहिजे?

ते पुस्तक म्हणजे ख्रिस्तोफर मॅकडूगल यांचं ‘बॉर्न टू रन’, २००९ चं. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी वाचलं असेल, किमान त्यावरचे व्हिडिओ तरी पाहिले असतील. मेक्सिकोतल्या कॉपर कॅन्यनच्या दऱ्याखोऱ्यांत राहणारे रारामुरी (बाहेरचे लोक त्यांना ताराहुमारा म्हणतात), तिथपर्यंत पोचणंच अवघड, आणि २००६ साली तिथे भरलेली जवळजवळ ऐंशी किलोमीटरची डोंगरी अल्ट्रामॅरेथॉन. अमेरिकेचे स्कॉट जुरेक त्याआधी ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही शंभर मैलांची शर्यत सलग सात वर्षं जिंकलेले. त्यांना अर्नुल्फो किमारे या स्थानिक धावपटूने मागे टाकलं. गोष्ट म्हणून एक नंबर आहे. मी दोन रात्रींत संपवलं आणि तिसऱ्या दिवशी बूट न घालता लासलगाव रस्त्याला पळून आलो. पायाचं काय झालं ते विचारू नका.

पुस्तक वाईट आहे असं मला म्हणायचंच नाही. तक्रार आहे ती आपण, म्हणजे संशोधन करू पाहणारे लोक, ते कसं वाचतो याबद्दल. हे एका पत्रकाराचं प्रवासवर्णन आहे. त्यात नायक आहेत, खलनायक आहेत, शेवटी मोठी शर्यत आहे. त्यातून प्रश्न मिळतात, भरपूर मिळतात. पण मी त्यातून निष्कर्षच उचलला होता.

आता पुराव्याकडे बघू. कोलोरॅडोत लेडव्हिल नावाची शंभर मैलांची डोंगरी शर्यत होते. १९९३ साली ती व्हिक्टोरियानो चुरो या पंचावन्न वर्षांच्या रारामुरी धावपटूने जिंकली, १९९४ साली हुआन हेरेरा याने. ही दोन वर्षं सगळ्यांच्या तोंडपाठ. १९९२ चं काय? त्या वर्षीही रारामुरी धावपटू आणले होते, आणि ते शर्यत अर्धवट सोडून बाहेर पडले होते. त्याहून मागे १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये दोन रारामुरी मॅरेथॉन धावले, पदकापासून बरेच लांब राहिले. आता ‘रक्तातच आहे’ हा सिद्धांत घ्या आणि १९९२ समजावून सांगा. रक्त तर एका वर्षात बदलत नाही. बदलली ती माणसांची निवड, वाटेतल्या मदतकेंद्रांची आणि रात्री बॅटरीच्या उजेडात पळण्याची सवय, तयारी. पण जिंकलेली वर्षं पुरावा म्हणून मोजायची आणि हरलेली वर्षं गंमत म्हणून सांगायची, असं केलं की कुठलाही सिद्धांत उभा राहतो.

मार्गदर्शकांनी मग मला २०२० चा एक शोधनिबंध दिला. ‘करंट अँथ्रोपॉलॉजी’ या नियतकालिकातला, डॅनियल लिबरमन आणि सहकाऱ्यांचा. शीर्षकातच ‘फॅलसी ऑफ दि अ‍ॅथलेटिक सॅव्हेज’ असे शब्द आहेत, म्हणजे रानातला माणूस जन्मजात खेळाडू असतो हा भ्रम. गंमत अशी की हेच लिबरमन ‘बॉर्न टू रन’मधले वैज्ञानिक नायक आहेत. माणसाचं शरीर लांब धावण्यासाठी उत्क्रांत झालं असं मांडणारा, ब्रॅम्बल आणि लिबरमन यांचा ‘नेचर’मधला निबंध २००४ चा. तोच माणूस सोळा वर्षांनी सांगतो की रारामुरींबद्दल जे पसरलंय त्यातलं पुष्कळसं चुकीचं आहे.

निबंधात त्यांनी काय केलं? प्रत्यक्ष निरीक्षण केलं आणि वयस्कर रारामुरी धावपटूंना बसून विचारलं: तुम्ही कधी, कशासाठी, कसं पळत होता? एक सहलेखक सिल्विनो कुबेसारे किमारे हे स्वतः रारामुरी, २००६ च्या त्याच शर्यतीत पळालेले. उत्तरं साधी आहेत. लांब पळणं हे काहींनी तरुणपणी हरणामागे लागून केलेल्या शिकारीत होतं. पुरुषांच्या लाकडी चेंडूच्या आणि बायकांच्या कडीच्या शर्यतीत होतं, आणि या शर्यतींवर पैजा लागतात, गावं एकत्र येतात, काहींसाठी ती प्रार्थनाही असते. रोज उठून कोणी ‘ट्रेनिंग’ करत नाही. दमश्वास येतो तो चढउताराच्या वाटांवर चालण्यातून, शेतीच्या कामातून, रात्र रात्र चालणाऱ्या नाचातून. सगळेच काही शंभर मैल पळत नाहीत. काही जण पळतात, जसे आपल्याकडे सगळेच कुस्ती खेळत नाहीत. आणि ते अनवाणीही नसतात. पायात टायरच्या तळव्याच्या चपला असतात. आपल्याकडच्या जुन्या माणसांना हे ऐकून नवल वाटणार नाही.

या निबंधावरही मी पेन्सिलने खुणा केल्यात. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींवर शिकारीचा भाग उभा आहे, आणि पाठलागाची शिकार हा लिबरमन यांच्या २००४ च्या मांडणीशी जवळचा विषय. त्यांना तो तिथे सापडणं सोयीचं आहे. त्यांच्या २०१० च्या ‘नेचर’मधल्या, पाऊल जमिनीवर कसं पडतं यावरच्या निबंधाला व्हायब्रम या पातळ बुटांच्या कंपनीचाही पैसा होता. त्यांनी तो निबंधातच जाहीर केला होता, लपवलेलं काही नाही. पण वाचणाऱ्याने निधीची ओळ वाचायची असते. पुढे त्या बुटांच्या जाहिरातीतल्या दाव्यांवरून २०१२ मध्ये अमेरिकेत खटला झाला आणि २०१४ मध्ये कंपनीने ३७.५ लाख डॉलरवर तडजोड केली. २०१३ चा एक छोटा प्रयोगही बघा: ३६ हौशी धावपटू, त्यातल्या १९ जणांनी दहा आठवड्यांत हळूहळू पातळ बूट वापरायला घेतले. १९ पैकी १० जणांच्या पायाच्या हाडांत सूज वाढलेली एमआरआयमध्ये दिसली. नमुना लहान आहे. तरी माझ्या लासलगाव रस्त्याच्या प्रयोगापेक्षा १९ पट मोठा.

‘करंट अँथ्रोपॉलॉजी’त निबंधाखालीच इतर अभ्यासकांचे शेरे आणि त्यावर लेखकांचं उत्तर छापतात. कोर्सवर्कला बसण्याआधी असा एक तरी निबंध शेऱ्यांसकट वाचा. मतभेद सभ्यपणे आणि नेमका कसा मांडायचा, हे पद्धतिशास्त्राच्या कुठल्याही गाइडपेक्षा तिथे लवकर कळतं.

आता आपल्या जिल्ह्यात या. कविता राऊत हरसूल भागातल्या सावरपाड्याची. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्य, त्याच वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत रौप्य, २०१६ ला रिओत मॅरेथॉन. वर्तमानपत्रांनी नाव दिलं ‘सावरपाडा एक्सप्रेस’. बातमीचा साचा ठरलेला: डोंगर, पाड्यावरून डोक्यावर पाणी आणणं, अनवाणी पाय, आणि मग पदक. यातलं प्रत्येक वेगळं वाक्य खरं असू शकतं. पण पाणी तर त्या पाड्यावरची प्रत्येक मुलगी आणत होती. मग ‘पाणी आणल्यामुळे’ हे कारण कसं? मधलं काय गळलं? नाशिकचं मैदान आणि प्रशिक्षक विजेंद्र सिंग. त्याच प्रशिक्षकांकडे चांदवड तालुक्यातली संजीवनी जाधव घडली, मोनिका आथरे घडली. वेगवेगळी गावं, वेगळी घरं, मैदान एक. माझं म्हणणं असं नाही की प्रशिक्षक हेच एकमेव कारण. प्रशिक्षक मुली निवडूनही घेतात, हेही मोजावं लागेल. पण डोंगर-पाणी-पदक या कथेत हा प्रश्न विचारायला जागाच राहत नाही.

मेक्सिकोच्या लोरेना रामिरेझने २०१७ मध्ये पन्नास किलोमीटरची शर्यत जिंकली तेव्हा मथळे तिच्या घागऱ्याचे आणि चपलांचे होते. बारामतीत लता करे धावल्या तेव्हा मथळा नऊवारीचा आणि अनवाणी पायांचा होता. कपडे दिसतात. सराव दिसत नाही, म्हणून तो नव्हताच असं आपण धरून चालतो.

आणि हे दुसऱ्यांबद्दलच होतं, बरं का. विंचूरला पहाटे पाच वाजता रस्त्याच्या कडेने पोरं पळत असतात, पोलीस भरतीच्या १६०० मीटरसाठी. कांद्याच्या ट्रॅक्टरांना चुकवत, वर्ष-दोन वर्षं. त्यातलं एखादं भरती झालं की गाव म्हणतं, ‘लई मेहनत घेतली पोरानं.’ कोणी म्हणत नाही, निफाडच्या काळ्या मातीचं रक्तच पळणारं. आमच्या पोरांची मेहनत आणि सावरपाड्याच्या पोरीचं रक्त! हा फरक माझ्याच वाक्यात होता आणि मला दिसला नव्हता. दिसायला मेक्सिकोचा निबंध वाचावा लागला, हे जरा लाजिरवाणंच.

अशा वाक्याची किंमत कोण मोजतं तेही बघा. काटकपणा जन्मजात असेल तर पाड्यावर मैदान कशाला, बूट कशाला, आहारभत्ता कशाला? आणि ती मुलगी मागे पडली तर दोष तिचाच.

सिंहगड-राजगड-तोरणा अशी डोंगरी अल्ट्रा आपल्याकडे आता होते. तिच्या वाटेवरच्या वस्त्यांतली माणसं त्या चढांवर रोज ये-जा करतात. त्यातली किती जण शर्यतीत धावतात, किती जण पाण्याच्या टेबलामागे उभी असतात, आणि का, हा प्रश्न मला आता ‘कोणाच्या रक्तात काय’ यापेक्षा जास्त कामाचा वाटतो. मोजता येतो, विचारता येतो, आणि चुकीचा ठरूही शकतो.

सिनॉप्सिसमधलं वाक्य आता असं आहे: दुर्गम डोंगरी भागातील तरुण धावपटूंच्या स्पर्धेतील सहभागावर रोजचे शारीरिक श्रम, मैदानाचे अंतर आणि प्रशिक्षकाची उपलब्धता यांचा काय परिणाम होतो? परवा खर्डा परत आला. या वेळी लाल गोल एकाच शब्दाभोवती आहे, ‘दुर्गम’. शेजारी लिहिलंय: ‘कुठून मोजलं?’ सध्या एस.टी.च्या वेळापत्रकांवर बसलोय.