फड, पाळी आणि पाटकरी : एका जलयंत्रणेची नैतिक मीमांसा

तंत्रविद्या नीतिमान असावी, तिची रचना मानवी कल्याणास पोषक व्हावी, अशी अपेक्षा आज सर्वत्र व्यक्त होते. परंतु ही नीती यंत्रणेच्या रचनेत नेमकी कोठे वसते, हा प्रश्न बहुधा अनुत्तरितच राहतो. सद्‌हेतूंची जंत्री म्हणजे नीतिमान रचना नव्हे. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी देवपूरच्या अभ्यासकाने फार दूर जावयास नको. जुने धुळे व देवपूर यांच्यामधून वाहणाऱ्या पांझरेवर, तसेच नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवर, सुमारे तीनशे ते चारशे वर्षांपूर्वी उदयास आली असे मानले जाते ती फड पद्धती, हे अशा रचनेचे अगदी निकटचे उदाहरण होय. आज ती काही ठिकाणीच उरली आहे; तथापि तिच्यातील तत्त्वाचा विचार त्यामुळे अनावश्यक ठरत नाही.

नदीत बंधारा घालावयाचा, त्यातून कालवा काढावयाचा, कालव्यातून चाऱ्या व चाऱ्यांतून सारंग काढून पाणी शेतापर्यंत न्यावयाचे, अशी तिची बाह्य रचना आहे. कालव्यांची लांबी साधारणपणे 2 ते 12 किलोमीटर असते. भिजणारे क्षेत्र बहुधा चार फडांत विभागलेले असते. कोणता फड भिजवावयाचा आणि कोणता पडीक ठेवावयाचा, हे गाव दरवर्षी ठरविते. एका फडात एकच पीक घ्यावयाचे, हा मुख्य दंडक होय. त्यामुळे पिकांची फेरपालट होऊन जमिनीचा कस टिकतो व ती पाणथळ होण्याचा धोका कमी होतो, हे तर खरेच; परंतु त्याचा नैतिक परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. फडातील सर्वांचे पीक एक, म्हणून सर्वांची पाण्याची गरजही एक. कोणी अधिक पाणी घेतले तर ते शेजाऱ्याच्या नजरेस तत्काळ येते. न्याय येथे उपदेशावर सोपविलेला नाही. तो रचनेतच बसविलेला आहे.

शब्द हा इतिहासाचा साक्षीदार असतो, हा आग्रह धरणाऱ्या वि. का. राजवाडे यांनी 1926 साली धुळ्यातच देह ठेवला. त्या दृष्टीने या पद्धतीची परिभाषा तपासण्याजोगी आहे. ‘फड’ हा शब्द उसाला लागतो, तसाच तमाशाला आणि कुस्त्यांनाही लागतो. जेथे अनेकजण एका कामासाठी एकत्र येतात, तो फड. पाणी देणारा तो ‘पाटकरी’. शेतकरी, वारकरी या शब्दांतील कर्तृवाचक ‘करी’च येथेही आहे. राखण करणारा तो ‘जागल्या’, म्हणजे जागणारा. ज्याच्या हवाली व्यवस्था केलेली असते, तो ‘हवालदार’. प्रत्येक कृतीमागे नाव घेऊन हाक मारता येईल असा माणूस उभा आहे. उलट, हक्काचा शब्द ‘पाळी’ हा मात्र अकर्मक क्रियापद घेतो. पाळी ‘येते’, ती कोणी कृपावंत होऊन देत नाही. जबाबदारीला कर्ता आहे, हक्काला दाता नाही, हे या परिभाषेचे मर्म होय.

याच्याशी ताडून पाहण्याजोगी दुसरी योजना म्हणजे मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांची नीरा कालव्यावरील गट पद्धती. 1884 साली मुंबई इलाख्याच्या सेवेत शिरलेल्या या अभियंत्याच्या आरंभीच्या नेमणुकांत खानदेशाचाही समावेश होता. त्यांच्या गट पद्धतीतही क्षेत्राचे विभाग व पिकांची फेरपालट होती. परंतु तेथे पाणी देणारी संस्था सरकार ही होती. आराखडा सदृश असला, तरी कर्ता बदलला की यंत्रणेची नीतीही बदलते.

तथापि फड पद्धतीचा गौरव करताना तिच्या मर्यादेकडे डोळेझाक करणे हे टीकाकाराला शोभणारे नाही. फडात पाण्याचा हक्क जमिनीला चिकटलेला आहे. ज्याला जमीन नाही, त्याच्या वाट्याला मजुरी येईल, पाळी येणार नाही. 1972 च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात उभ्या केलेल्या पाणी पंचायतीने नेमक्या याच जागी बोट ठेवले. तेथे पाणी जमिनीच्या क्षेत्रावर न देता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर द्यावे, भूमिहीनांनाही वाटा असावा आणि ऊस घेऊ नये, असे नियम करण्यात आले. कल्याण कोणाचे, हा प्रश्न फडाने विचारलाच नव्हता. तो पाणी पंचायतीने विचारला. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी 1990 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सामायिक साधनांच्या टिकाऊ व्यवस्थांची लक्षणे सांगताना, देखरेख करणारे हे वापरणाऱ्यांना उत्तरदायी असावेत, असे म्हटले आहे. फड या कसोटीस उतरतो. परंतु ‘वापरणारे’ या शब्दात कोण मोडतो आणि कोण वगळला जातो, हा प्रश्न त्याआधीचा आहे.

आता पाण्याची दारे स्वयंचलित होऊ शकतात, जमिनीतील ओलावा उपकरणे मोजतात आणि निर्णय भ्रमणध्वनीवर कळविता येतात. यात स्वभावतः गैर असे काही नाही. पाण्याचे अचूक मोजमाप हे न्यायाला साहाय्यकच ठरेल. परंतु ‘आपली मागणी नामंजूर करण्यात आली आहे’ या वाक्यात कर्ता कोठे आहे? कर्मणी प्रयोगाची ही सोय व्याकरणात निरुपद्रवी असते. यंत्रणेत ती उत्तरदायित्वाचा लोप करते. पाटकऱ्याने पाळी चुकविली तर त्याला पारावर जाब विचारता येत असे. संगणकाने ती चुकविली, तर जाब कोणाला विचारावयाचा, हे रचनाकाराने आधीच सांगून ठेवले पाहिजे.

तात्पर्य, यंत्रणेची परीक्षा तीन प्रश्नांनी करावी. तिचा नियम वापरणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येतो काय? तिच्या प्रत्येक निर्णयाला कर्ता आहे काय? आणि तिच्या हिशेबात ज्याच्यापाशी काहीच नाही, त्याची गणना आहे काय? फड पद्धती पहिल्या दोहोंना उत्तीर्ण होते व तिसऱ्याला अनुत्तीर्ण. आजच्या अनेक यंत्रणांना पहिला प्रश्नही विचारला जात नाही, ही चिंतेची बाब होय.