परिपत्रकाचे क्रियापद

विद्यापीठांवरील राजकीय दडपणाची चर्चा आपल्याकडे बहुधा घटनांच्या अंगाने होते. पुस्तक मागे घेतले, नाटक बंद पाडले, कुलगुरूंना घेराव घातला, की वर्तमानपत्रांत आठवडाभर मजकूर येतो. माझा विषय त्याहून नीरस आहे. राजगुरुनगर-चाकण परिसरात मराठी शिकवताना मी सर्वांत जास्त वाचलेला लेखनप्रकार म्हणजे परिपत्रक. दिल्लीचे दडपण सार्वजनिक विद्यापीठ कसे झेलते हे समजून घ्यायचे, तर या लेखनप्रकाराचीही समीक्षा व्हायला हवी, असे मला वाटते.

आधी चौकट पाहू. विद्यापीठ अनुदान आयोगाला १९५६ च्या कायद्याने वैधानिक रूप मिळाले. १९७६ च्या ४२व्या घटनादुरुस्तीने शिक्षण राज्यसूचीतून समवर्ती सूचीत गेले. उच्च शिक्षणाच्या दर्जाचा विषय तर आधीपासूनच केंद्राकडे होता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ राज्याच्या कायद्यानुसार चालते आणि त्याच्या अनुदानित महाविद्यालयांतले पगार राज्य देते. कुलपती मात्र राज्यपाल असतात, आणि त्यांची नेमणूक दिल्लीतून होते. डिसेंबर २०२१ मध्ये महाविकास आघाडी सरकारने कुलगुरू-निवडीत राज्य सरकारचा शब्द वाढवणारी कायदादुरुस्ती विधिमंडळात मंजूर करून घेतली; सत्ताबदलानंतर २०२२ मध्ये ती मागे घेतली गेली. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाच्या मसुद्याने शोधसमिती नेमण्याचा अधिकार कुलपतींच्या हाती देऊ केला. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे, तर या ओढाताणीत कर्ते दोन, एक मुंबईत आणि एक दिल्लीत. विद्यापीठ हे कर्म.

या चौकटीतून येणाऱ्या दडपणाचा एक नमुना घेतो. २० सप्टेंबर २०१८ रोजी आयोगाने देशभरातील कुलगुरूंना पत्र पाठवले. २९ सप्टेंबर हा दिवस 'सर्जिकल स्ट्राइक दिवस' म्हणून पाळावा, एनसीसीचे विशेष संचलन करावे, माजी सैनिकांची व्याख्याने ठेवावीत, विद्यार्थ्यांनी सैन्याला पाठिंब्याची पत्रे लिहावीत, असा त्याचा आशय होता. टीका झाली. पश्चिम बंगालच्या शिक्षणमंत्र्यांनी हा दिवस पाळणार नाही असे जाहीर केले. तेव्हाचे मनुष्यबळ विकासमंत्री, पुण्याचेच प्रकाश जावडेकर, यांनी ही सक्ती नव्हे, केवळ सूचना आहे, असा खुलासा केला.

या प्रकरणात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की नकार एका राज्य सरकारने दिला आणि खुलासा केंद्राच्या मंत्र्यांनी केला. पत्र ज्यांच्या नावे होते त्या कुलगुरूंपैकी कोणाचे उत्तर सार्वजनिक चर्चेचा भाग झाले नाही.

असे पत्र विद्यापीठातून संलग्न महाविद्यालयांकडे निघते तेव्हा त्याच्या भाषेचे काय होते, ते पाहण्यासारखे आहे. मूळ पत्राचा सूर विनंतीचा असतो. मराठीत येताना तिथे 'करावे' येते. आपला विध्यर्थ मोठा सोयीचा आहे. विनंती, सल्ला, अपेक्षा आणि आज्ञा हे चौघेही 'वे' या एका प्रत्ययात गुण्यागोविंदाने नांदतात. 'उपरोक्त विषयास अनुसरून' अशी सुरुवात झाली की सांगणारा माणूस दिसेनासा होतो. जणू विषयच सांगतो आहे. शेवटी ओळ येते, 'छायाचित्रांसह अहवाल सादर करावा.' माझ्या मते सगळ्या परिपत्रकाचा खरा अर्थ या शेवटच्या ओळीत असतो. ज्याचा अहवाल मागितला जातो ते ऐच्छिक राहत नाही, मग मंत्री दिल्लीत काहीही म्हणोत.

अहवालाची फाइल पुढे नॅकच्या कामी येते. नॅकच्या सातव्या निकषात महाविद्यालय राष्ट्रीय-आंतरराष्ट्रीय दिन साजरे करते का, याचीही विचारणा आहे. प्राचार्यांना म्हणूनच कोणी धमकवावे लागत नाही. आमच्या भागातली कितीतरी मुले चाकणच्या कारखान्यांत रात्रपाळी करून सकाळी वर्गात बसतात. त्यांना सभागृहात नेऊन फोटोपुरते जागे ठेवायचे, हे काम प्राध्यापकाकडे येते. त्या तासाला जो पाठ बुडाला, त्याचा अहवाल कोणी मागत नाही.

रस्त्यावरून येणारे दडपण याहून वेगळे दिसते. २०१० मध्ये रोहिंटन मिस्त्री यांची 'सच अ लाँग जर्नी' ही कादंबरी मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमातून काढावी, अशी मागणी शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने केली. कुलगुरू राजन वेळूकर यांनी आपत्कालीन अधिकार वापरून ती काढली. पण त्या निर्णयाखाली एक नाव होते. म्हणून शिक्षकांना निषेध करता आला, खुद्द मिस्त्रींनी निवेदन काढले. परिपत्रकाचा निषेध कोणाच्या नावाने करायचा? तरी दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. ज्या मंडळांनी विचार करायचा, ती अभ्यासमंडळे आणि विद्यापरिषद, वाटेतून बाजूला सारली जातात.

दडपण नवे नाही. जुने आहे ते उत्तर मात्र आपण विसरलो आहोत. लॉर्ड कर्झनच्या सरकारने १९०४ मध्ये भारतीय विद्यापीठ कायदा आणला. सिनेट लहान झाल्या, त्यांत सरकारनियुक्तांचे बहुमत पक्के झाले आणि विद्यापीठांचे नियम बदलण्याचा अधिकार सरकारकडे गेला. फर्ग्युसनमध्ये आयुष्याची उमेदीची वर्षे शिकवलेले गोपाळ कृष्ण गोखले वरिष्ठ कायदेमंडळात या विधेयकाविरुद्ध बोलले; पुढच्या वर्षी आधीच्या नेमणुका वैध ठरवणारा कायदा आला, त्यालाही त्यांनी विरोध केला. दोन्ही वेळा ते हरले. पण त्यांचे मुद्दे नोंदीत राहिले, म्हणून आज वाचता येतात. आपल्या काळातल्या विद्यापीठाने दिल्लीला काय उत्तर दिले, हे शंभर वर्षांनी शोधणाऱ्याच्या हाती जावक क्रमांक तेवढे लागतील.

यावर एक आक्षेप रास्त आहे. सैनिकांचे स्मरण करायला कसली हरकत? हरकत काहीच नाही. माझे गाव हुतात्मा राजगुरूंचे आहे. २३ मार्च १९३१ ला ते फाशी गेले. भीमेकाठच्या त्यांच्या जन्मस्थळी दरवर्षी माणसे जमतात, आणि त्यासाठी कोणाला अहवाल द्यावा लागत नाही. मुलांना तिथे नेऊन राजगुरू कोणत्या विचाराच्या संघटनेत होते, असे विचारले तर चर्चा रंगते, मतभेदही होतात. विद्यापीठाचे काम तिथे सुरू होते. आज्ञेवरून केलेल्या स्मरणात तो प्रश्न विचारायला जागा उरत नाही.

कुलगुरूंनी दिल्लीशी लढावे, अशी माझी मागणी नाही. पगार, अनुदान, मान्यता या सगळ्याची दोरी कुठे आहे हे मला कळते. मागणी कार्यालयीन आहे. असे पत्र पुढे पाठवताना त्यात 'ऐच्छिक' हा शब्द स्पष्ट लिहावा. अहवालाची ओळ गाळावी. अभ्यासाच्या तासांना धक्का लागत असेल तर विषय विद्यापरिषदेपुढे ठेवावा, आणि कोणी भिन्न मत मांडले तर ते इतिवृत्तात नोंदवावे. यातल्या एकाही गोष्टीसाठी कायदा बदलावा लागणार नाही. पत्राखाली सही करणाऱ्याने सहीपूर्वी मसुदा एकदा वाचावा आणि त्यातले क्रियापद दुरुस्त करावे, इतकेच.