विघटन कुठे, किती दिवसांत, कशाचे?

शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक प्रकल्प आता हमखास दिसतो. कच्च्या केळ्याचा किंवा केळ्याच्या सालीचा लगदा, पाणी, ग्लिसरीन आणि थोडे व्हिनेगर एकत्र शिजवायचे आणि ताटात पसरून वाळवायचे. जो पिवळसर पापुद्रा सुटतो, ते 'जैवविघटनशील प्लास्टिक'. शेजारच्या तक्त्यावर निष्कर्ष असतो: तुकडा मातीत पुरला, पंधरा दिवसांत नाहीसा झाला, म्हणून खाद्यपदार्थांच्या वेष्टनाचा प्रश्न सुटला. केळी ज्या गावांचे मुख्य पीक आहे, त्या सावदा-रावेर परिसरातील विद्यार्थ्याला हा प्रकल्प सुचावा, हे स्वाभाविकच आहे. पण 'सुटला' हा शब्द तपासून पाहण्याजोगा आहे.

प्रथम प्रकल्पाचे गुण मान्य करू. कच्च्या केळ्याच्या गरात पाणी वगळले तर मुख्यतः स्टार्च असतो. स्टार्चच्या लांब साखळ्या गरम पाण्यात मोकळ्या होतात आणि वाळताना एकमेकींत गुंतून पापुद्रा बनतो. ग्लिसरीनचे रेणू साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना सरकू देतात, म्हणून पापुद्रा कडकड मोडत नाही. बहुवारिक म्हणजे काय, हे शिकवण्यासाठी इतका स्वस्त आणि सुरक्षित प्रयोग दुसरा क्वचितच मिळेल. चूक प्रयोगात नाही, त्यावरून काढलेल्या निष्कर्षात आहे.

पहिला दोष 'नाहीसा झाला' या निरीक्षणात आहे. ग्लिसरीन पाण्यात विरघळते, पापुद्रा पाण्याने फुगतो आणि त्याचे तुकडे पडतात. डोळ्यांना दिसेनासे होणे म्हणजे जैवविघटन नव्हे. सूक्ष्मजीवांनी पदार्थातील कार्बन खाऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड केला, तरच विघटन झाले असे म्हणता येते. म्हणून कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकसाठीचे आयएस/आयएसओ १७०८८ हे मानक डोळ्यांवर विसंबत नाही. सुमारे ५८ अंश सेल्सिअस तापमानाच्या कंपोस्टमध्ये १८० दिवसांच्या आत ९० टक्के कार्बन वायुरूप व्हावा, अशी त्याची कसोटी आहे.

५८ अंश हा आकडा विद्यार्थ्यांच्या लक्षात आणून द्यावा. मक्यासारख्या पिकांच्या स्टार्चपासून बनणारे पॉलिलॅक्टिक आम्ल ऊर्फ पीएलए आज पेल्यांत व डब्यांत वापरले जाते. त्याच्या साखळ्या भराभर तुटण्यासाठी जवळपास एवढीच उष्णता आणि भरपूर ओलावा लागतो. साध्या मातीत किंवा समुद्रात ते वर्षानुवर्षे टिकते. खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांवर जातो, मग अडचण काय, असे कोणी विचारील. पण तापते ती मातीची वरची पापडी आणि ती कोरडी असते. खाली ओलावा आहे, तिथे तेवढी उष्णता नाही. दोन्ही एकत्र मिळतात ते मोठ्या, नीट हलवलेल्या कंपोस्टच्या ढिगात.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. वेष्टन कशासाठी असते, हा प्रश्न प्रकल्पात विचारलेलाच नसतो. सावदा आणि रावेर या रेल्वे स्थानकांवरून केळी दिल्लीकडे जात आली आहेत. कटाईनंतरही केळे जिवंत असते. ते श्वसन करते, पाणी गमावते, इथिलीन वायू सोडते आणि त्या वायूनेच शेजारची केळीही पिकू लागतात. त्याला फार गारठवूनही चालत नाही. सुमारे १३ अंशांखाली साल काळवंडते. वेष्टनाने धक्का झेलायचा, पाणी राखायचे, पण फळाचा श्वास कोंडायचा नाही. स्टार्चचा पापुद्रा कोरडा असताना ऑक्सिजन चांगला अडवतो, पण पाण्याची वाफ सहज जाऊ देतो आणि ओला झाला की फाटतो. पॉलिथीनचे नेमके उलट आहे. ते वाफ अडवते, ऑक्सिजन बऱ्यापैकी जाऊ देते. म्हणजे एकाच्या जागी दुसरे ठेवले, इतके हे सोपे नाही. वेष्टन वाचले आणि फळ सडले, तर त्या फळामागचे पाणी, खत आणि वीजही मातीत जाते.

हा पेच जुना आहे. स्विस रसायनज्ञ जाक ब्रँडेनबर्गर यांनी १९०८ च्या सुमारास सेल्युलोजपासून सेलोफेन तयार केले. ते पारदर्शक होते आणि मातीत कुजतही असे, पण ओलावा अडवीत नसे. १९२७ मध्ये ड्यूपाँट कंपनीतील विल्यम हेल चार्च यांनी त्यावर जलरोधक लेप बसवला, तेव्हा कुठे ते खाद्यपदार्थांच्या खऱ्या उपयोगाचे झाले. कागदी कपाच्या आतील पॉलिथीनचा थर हे याच गोष्टीचे आजचे रूप आहे. उसाच्या चिपाडाच्या काही ताटल्यांत तेल झिरपू नये म्हणून न कुजणारी फ्लोरिनयुक्त रसायने आढळली आहेत. पाणी अडवणारा पदार्थ सूक्ष्मजीवांनाही बहुधा अडवतो. खरी रचनेची समस्या ही आहे आणि 'शंभर टक्के जैवविघटनशील' हा शिक्का तिला झाकून टाकतो.

तिसरा प्रश्न आहे वेष्टनाचा शेवट कुठे होतो, हा. दिल्लीला गेलेल्या केळ्यांचे वेष्टन सावद्याच्या मातीत परत येत नाही. ते दिल्लीच्या कचऱ्यात पडते. कचऱ्याच्या डोंगराखाली हवा नसते. तिथे कुजणाऱ्या पदार्थातून मिथेन निघतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. कायद्यातही ही फट दिसते. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने अनेक प्लास्टिक वस्तूंवर बंदी घातली आणि २०२२ च्या अखेरीस कंपोस्ट होणाऱ्या पदार्थांच्या प्रमाणित वस्तूंना सवलत दिली. प्रमाणपत्र मागितले ही चांगली गोष्ट. पण प्रमाणपत्र पदार्थाला मिळते. तो जिथे कुजायचा ते केंद्र गावात आहे की नाही, हे ते सांगत नाही.

याउलट एक वेष्टन असे आहे, की त्याचा शेवट सावद्यातच होतो. निर्यातीच्या केळीचा घड झाडावर असतानाच त्यावर पॉलिप्रॉपिलीनची पातळ निळी पिशवी घालतात. किडीचे व ओरखड्यांचे डाग पडू नयेत, म्हणून ती जवळजवळ तीन महिने घडावर राहते. उन्हाने तिचे धागे ठिसूळ होतात आणि त्यांचे तुकडे शेतात पसरतात. हे तुकडे होणे म्हणजेही विघटन नव्हे. जैवविघटनशील पदार्थाची खरी गरज इथे आहे. पण अट अवघड आहे: तीन महिने खानदेशी ऊन सोसायचे आणि मग ओल्या मातीत मुकाट्याने कुजायचे. प्रदर्शनातल्या पापुद्र्याला हे जमणार नाही. केळीच्या खोडाचा धागा, कागद किंवा इतर सेल्युलोजचे कापड यांची कसोटी मात्र इथे घेण्याजोगी आहे.

ज्या वेष्टनाबद्दल फारसे बोलले जात नाही, त्याचाही उल्लेख करायला हवा. केळीची वाळलेली पाने थरांत घालून माल पाठवण्याची पद्धत जुनी आहे. पळसाच्या पानांची पत्रावळही तशीच. त्यांना कारखाना लागत नाही आणि प्रमाणपत्रही लागत नाही. मात्र त्यांचे आकार सारखे नसतात आणि निर्यातीच्या खोक्यात त्यांना जागा नसते. म्हणून जुने ते सोने असे म्हणून भागत नाही. तेही मोजून पाहिले पाहिजे.

तेव्हा प्रकल्प बाद करू नये, सुधारावा. एकाच फणीतील सारखी केळी घ्या. एक उघडे ठेवा, दुसरे पापुद्र्यात, तिसरे वाळलेल्या पानांत, चौथे पॉलिथीनमध्ये गुंडाळा. रोज वजन करा आणि रंग नोंदवा. विघटनासाठी पाच बंद बरण्यांत सारखी ओली माती घ्या. चारांत अनुक्रमे पापुद्रा, पान, कागद व पॉलिथीन यांचे सारख्या वजनाचे तुकडे घाला. पाचवीत नुसती माती ठेवा. प्रत्येकीत चुनखळीच्या निवळीची वाटी ठेवून निवळी किती दिवसांत दुधाळ होते ते पाहा. नुसत्या मातीनेही ती दुधाळ होईल. फरक किती, तेवढेच उत्तर.

परीक्षक शिक्षकांनी तक्त्यावर तीन गोष्टी शोधाव्यात: विघटन कुठे, किती दिवसांत आणि तोवर फळाचे काय झाले? त्यांची उत्तरे 'जमले नाही' अशी असली, तरी तो प्रकल्प चकचकीत 'पर्याय' मांडणाऱ्या प्रकल्पापेक्षा अधिक गुणांचा धरावा.