‘रिपॉझिटरी सिंक होत नाही’ : उपाय ढीगभर, निदान कुठे आहे?



नव्या लिनक्स मशीनवर आपण सगळे पहिली कमांड देतो ती ‘सुडो ॲप्ट अपडेट’. आणि पुष्कळदा पहिली अडचणही तिथेच येते. यादी उतरत नाही, स्क्रीनवर ‘एरर’च्या ओळी येतात, आणि मग आपण कुणीतरी सांगितलेला उपाय जसाच्या तसा चिकटवतो. आज मला या उपायांबद्दल थोडं परखड बोलायचं आहे. कारण अशाच एका दुर्लक्षामुळे माझं नंदुरबार एकदा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडलं होतं. ती गोष्ट पुढे सांगतेच.

आधी, सिंक म्हणजे नेमकं काय?

‘अपडेट’ ही कमांड सॉफ्टवेअर आणत नाही, सॉफ्टवेअरची यादी आणते. प्रत्येक रिपॉझिटरीतून आधी ‘इनरिलीज’ नावाची छोटी फाइल येते. तिच्यात तारीख असते, डिजिटल सही असते आणि पुढच्या याद्यांचे हॅश, म्हणजे त्या फाइलींचे ठसे असतात. मग याद्या येतात, आणि त्यांच्यात प्रत्येक पॅकेजचा ठसा असतो. सहीवरून यादी पटते, यादीवरून पॅकेज पटतं. अशी ही साखळी आहे. ती तुटण्याच्या जागा मोजक्याच आहेत : सर्व्हर सापडला नाही, फाइल मिळाली नाही, तारीख जुळली नाही, सही पटली नाही किंवा ठसा वेगळा निघाला.

एवढं कळलं की निम्मं काम झालं. पण आपल्याला मिळणाऱ्या मार्गदर्शनात नेमकं हेच गळलेलं असतं.

चांगला धडा, पण अर्धाच

मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे मराठीतले लिनक्सचे धडे तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिले असतील. ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्याला स्वतःच्या भाषेत, फुकट आणि शिक्षकाशिवाय शिकता यावं, ही त्यामागची कल्पना मला आजही फार मोलाची वाटते. त्यातला ‘सिनॅप्टिक पॅकेज मॅनेजर’चा धडा प्रॉक्सी आणि रिपॉझिटरी कशी लावायची हेही दाखवतो. कॉलेजच्या नेटवर्कवर बसणाऱ्यासाठी हे महत्त्वाचंच आहे.

पण तो धडा उबुंटू १०.०४ वर केलेला आहे. डेस्कटॉपसाठी त्या आवृत्तीचा सपोर्ट २०१३ मध्येच संपला आणि तिच्या रिपॉझिटरी जुन्या आवृत्त्यांच्या वेगळ्या सर्व्हरवर गेल्या. म्हणजे कुणी प्रामाणिकपणे तीच आवृत्ती टाकून धडा गिरवला, तर त्याला ४०४ दिसेल. धड्याचा भर सगळं सुरळीत चाललं तर काय करायचं यावर आहे. बिघडलं तर काय वाचायचं, हा भाग आपला आपणच शिकायचा.

‘रामबाण’ उपायांची गोष्ट

सगळ्यात लोकप्रिय उपाय म्हणजे ॲप्टच्या ‘लिस्ट्स’ फोल्डरमधलं सगळं उडवा आणि पुन्हा अपडेट करा. यादीची फाइल खरंच खराब झाली असेल तर तो लागू पडतो. पण सर्व्हर सापडत नसेल तर? जुनी यादी गेलेली आणि नवी येत नाही. आता ‘पॅकेज सापडत नाही’ अशी दुसरीच तक्रार सुरू होते. वेगवान नेट असलेल्या शहरात हा उपाय दहा सेकंदांचा. धडगावात मोबाइलच्या हॉटस्पॉटवर बसलेल्याला सगळ्या याद्या पुन्हा उतरवाव्या लागतात. उपाय सांगणाऱ्याने हा हिशेब केलेलाच नसतो.

दुसरा उपाय माझ्या मते घातक आहे : सही तपासूच नका, रिपॉझिटरीसमोर ‘ट्रस्टेड इज इक्वल टू येस’ लिहा. एरर जाते हे खरं. पण देशातलं पहिलं आधार २०१० मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. ओळख पटवणं कशासाठी असतं हे आपल्याला वेगळं सांगायला नको. सही पटत नसेल तर किल्लीची मुदत संपली आहे, किल्ली मशीनवर नाही, की फाइलच मधे कुणी बदलली, हे शोधायचं. तपासणाऱ्यालाच घरी पाठवायचं नाही.

दोष ॲप्टचाही आहे

सगळं खापर सल्ला देणाऱ्यांवर फोडणं बरोबर नाही. ॲप्टची भाषाही काही ठिकाणी आडवळणाची आहे. कॉलेजच्या वायफायला लॉगिन केलेलं नसेल तर फाइलच्या जागी लॉगिनचं पान येतं, आणि ॲप्ट म्हणतो ‘क्लिअरसाइन्ड फाइल इझन्ट व्हॅलिड, गॉट नोस्प्लिट’. हे वाचून कोण घाबरणार नाही? गंमत म्हणजे त्याच ओळीच्या शेवटी कंसात तो स्वतःच विचारतो : नेटवर्कला लॉगिन लागतं का? उत्तर तिथेच असतं, पण तिथवर कुणी वाचत नाही.

याहून मोठा दोष वेगळा आहे. सर्व्हर तात्पुरता सापडला नाही, तर ॲप्ट फक्त इशारा देतो : काही याद्या उतरल्या नाहीत, जुन्याच वापरल्या. आणि कमांड यशस्वी झाली असं स्क्रिप्टला कळवतो. स्क्रिप्ट पुढे चालू लागते.

आता माझी गोष्ट. पावसाच्या नोंदी नकाशावर बसवायच्या होत्या. दोन मशीनवर मी एकच स्क्रिप्ट चालवली : जादा रिपॉझिटरी जोडा, अपडेट करा, जीडॅल टाका. एका मशीनवर त्या जादा रिपॉझिटरीची यादी आलीच नाही, आणि मूळ रिपॉझिटरीतलं जीडॅल २ बसलं. दुसऱ्यावर जीडॅल ३. आवृत्ती ३ पासून अक्षांश-रेखांशाचा क्रम पाळण्याची पद्धत बदलली आहे. मी कोड ३ च्या पद्धतीने लिहिलेला. त्यामुळे पहिल्या मशीनवर २१ अंश उत्तर, ७४ अंश पूर्व याचं ७४ उत्तर, २१ पूर्व झालं, म्हणजे थेट बॅरेंट्स समुद्र. एकही एरर नाही. ठिपका समुद्रात पडला म्हणून दिसलं तरी. चूक लहान असती तर ती माझ्या प्रबंधात छापली गेली असती.

तेव्हापासून मी म्हणते, सिंकची एरर आली तर आभार माना. न आलेली एरर जास्त महाग पडते.

मग करायचं काय?

शेवटची ओळ सोडा, पहिली तक्रारीची ओळ शोधा आणि क्रमाने विचारा.

१. नाव सापडतंय का? ‘टेम्पररी फेल्युअर रिझॉल्व्हिंग’ म्हणजे डीएनएस किंवा नेटच नाही.

२. घड्याळ बरोबर आहे का? लॅबमधल्या जुन्या पीसीचा मदरबोर्डवरचा सेल संपला आणि वीज गेली, की तारीख मागे जाते. मग ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ असं उत्तर येतं. ‘टाइमडेटसीटीएल’ने पाहून घ्या.

३. आवृत्ती जिवंत आहे का? ४०४ आलं तर हे आधी तपासा. सेंटओएस ८ ची मुदत ३१ डिसेंबर २०२१ ला संपली, सेंटओएस ७ ची ३० जून २०२४ ला. त्यांची पॅकेजेस आता ‘व्हॉल्ट’मध्ये आहेत. नवे सुरक्षा-बदल तिथे मिळत नाहीत, तेव्हा हा कायमचा मुक्काम समजू नका.

४. किल्ली आहे का, तिची मुदत आहे का?

५. ‘हॅश सम मिसमॅच’ असेल तर मधला प्रॉक्सी जुनी फाइल देतोय का, की मिररच अर्धवट अद्ययावत झालाय? थोड्या वेळाने किंवा दुसऱ्या मिररवरून पाहा.

आणि सगळं नीट झाल्यावर ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ने आवृत्ती बघा आणि ती वहीत लिहा. प्रयोगशाळेत रसायनाच्या बाटलीवरचा बॅच नंबर आपण लिहितोच ना? हा तसाच नंबर आहे. उद्या गाइड विचारतील, ‘हा निकाल कुठल्या आवृत्तीवर काढलास?’ तेव्हा ‘सर, जी आली ती’ हे उत्तर चालत नाही. मी देऊन पाहिलं आहे.